आठ दिवसांचं बटण

आत्यांनी लावलेलं बटण आठ दिवस टिकायचं. नवव्या दिवशी ते हमखास पडायचं, आणि आत्यांना याचा भारी अभिमान होता.

गल्लीतले लहानथोर सगळेच त्यांना आत्या म्हणत. घराची पुढची खोली हे त्यांचं दुकान. तिथे पायमशीन, कपाटभर रिळं, बटणांचे डबे आणि गिऱ्हाइकासाठी एका पायाने आखूड असलेला बाक. नवे कपडे त्या शिवत नसत. उसवलेलं, फाटलेलं, घट्ट झालेलं जे येईल ते नीट करून देत. हात असा की रफू केलेली जागा शोधायला भिंग लागावं. अशा बाईला एक साधं बटण पक्कं लावता येत नाही, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. पण मोठ्या माणसांनी ठेवला. म्हातारपणाच्या नावावर लोक काहीही खपवून घेतात, आणि आत्यांनी या सवलतीचा पुरेपूर फायदा उठवला.

सुरुवात मात्र खऱ्याच चुकीने झाली. त्या वर्षी गावातला मोठा कारखाना बंद पडला होता. आत्यांचे यजमान त्याच वर्षी गेले आणि मुलगा कामासाठी दूरच्या शहरात गेला. तीन महिन्यांतून एकदा यायचा. अर्धी गल्ली घरी बसली होती, आणि उरलेली अर्धी त्यांच्यासमोरून कसं जायचं म्हणून खाली मान घालून जात होती. ‘काय, बरं आहे ना?’ ‘बरं आहे.’ एवढ्यात सगळं बोलणं आटपायचं. बरं कुणाचंच नव्हतं.

अशात कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या एकाच्या शर्टाला बटण लावताना आत्या शेवटची गाठ मारायची विसरल्या. आठवड्याने तो फणफणत परत आला. आत्या ओशाळल्या. त्याला गप्प करायला काहीतरी हाताशी द्यावं म्हणून त्यांनी सुई पुढे केली. “चष्मा सापडेना बाबा, एवढा दोरा ओवून दे.”

तो आडदांड गडी बाकावर बसला, एक डोळा मिटून सुईच्या भोकावर नेम धरू लागला, आणि तिसऱ्यांदा नेम चुकल्यावर दोऱ्याकडे बघतच म्हणाला, “आत्या, मी रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून परत येतो. काम गेल्याचं घरी सांगितलेलंच नाही.”

चौथ्यांदा दोरा सुईत गेला. आत्यांनी तो हळूच ओढून काढला आणि म्हणाल्या, “निसटला बघ. परत ओव.”

पुढच्या खेपेला तो बायकोला सोबत घेऊन आला.

आत्यांना गुपित सापडलं ते असं. सुईकडे बघताना माणसाला समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, मग पोटातलं आपसूक ओठावर येतं. तेव्हापासून ज्याचं ‘बरं आहे’ जरा जास्तच खणखणीत वाजेल, त्याच्या बटणाला गाठ मिळेनाशी झाली. दोरा नुसता गुंडाळून सोडायचा. परत आलं की फुकट लावून द्यायचं, पण सावकाश. उपदेश करायचा नाही, खोदून विचारायचं नाही. चष्मा मात्र हरवायचा. तो बिचारा मशीनच्या खणात निमूट पडून असे.

एकाच घरात हा कावा चालला नाही, तो म्हणजे त्यांच्या स्वतःच्या. सून सकाळी नऊला कचेरीत जाई आणि सातला परत येई. नवरा परगावी, सासरे गेलेले, कामाचा ढीग. दोघींचं बोलणं गॅस संपला का आणि किल्ली कुठे ठेवली यापुढे जात नसे. सुनेची बटणं आत्या चार वेढे देऊन, दुहेरी गाठ मारून लावत. घरच्या माणसाचं काम कच्चं कसं ठेवायचं?

पण पडणाऱ्या बटणांची बातमी किती दिवस लपणार? एके दिवशी सून कचेरीतून तणतणत आली.

“आई, कचेरीत लोक हसतात मला. म्हणतात, तुमच्या सासूबाईंच्या बटणांना पाय फुटतात! हात थकलेत तुमचे. झेरॉक्सवाला ही खोली भाड्याने मागतोय. आणखी एक बटण परत आलं ना, की मी त्याला हो म्हणणार. तुम्ही मग आराम करा.”

आराम! आत्यांना फाशी सुनावली असती तरी एवढा धसका बसला नसता. त्यांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बटणाला अशी गाठ, की शर्ट फाटेल पण बटण सुटणार नाही.

तीन आठवडे एकही बटण परत आलं नाही, आणि माणूसही. लोक कपडे टाकत, कपडे उचलत, ‘बरं आहे’ म्हणत आणि निघून जात. बाक रिकामा. दुपारी आत्या मशीनचं चाक उगाच फिरवत बसत. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, की गल्लीला औषध पाजता पाजता त्या स्वतःच त्यावर जगत होत्या. यजमान गेल्यापासून या घरात त्यांच्याशी बोलला होता तो फक्त बाक. खूप एकटं वाटलं त्यांना. रडूही आलं, पण समोर इस्त्रीचे कपडे होते, म्हणून तोंड फिरवून रडल्या.

मग शनिवारी हेडबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, शिस्तीच्या इतक्या पक्क्या, की त्यांना बघून गल्लीतली कुत्रीही ओळीत बसत. हातात करडा कोट, तळहातावर आत्यांनी मागच्याच आठवड्यात लावलेलं बटण.

“काम कच्चं आहे तुमचं,” त्या कडाडल्या.

सून घरीच होती. ती आतल्या दारात येऊन उभी राहिली.

आत्यांनी कोट हातात घेतला आणि बटणाच्या जागी उरलेले दोरे बघितले. झिजून तुटलेल्या दोऱ्याला टोकाशी पिसं फुटतात. इथे चारही टोकं सरळ, स्वच्छ, एका रेषेत. कात्रीने कापलेली! चोराची पावलं चोरालाच कळतात. आत्यांनी वर बघितलं. हेडबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्या आखूड पायाच्या बाकावर होती.

सुनेला दोरा दाखवला असता, तर आत्या सुटल्या असत्या. दुकान राहिलं असतं, हाताची अब्रू राहिली असती, आणि हेडबाई पुन्हा कधी या दारात आल्या नसत्या.

“चूक माझीच,” आत्या म्हणाल्या. “हातात जोर राहिला नाही आता. बसा. आणि एवढा दोरा ओवून द्या हो, चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे.”

हेडबाई बसल्या. दोरा ओवायला त्यांना तब्बल तास लागला. बहिणीशी बारा वर्षं बोलणं नाही आणि आता ती आजारी असल्याचं पत्र आलंय, हे सगळं त्यांनी सुईलाच सांगितलं. जाताना त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी नीट लावा,” आणि चक्क हसल्या.

हेडबाई गेल्यावर सून पुढे आली. कोटातून निघालेले दोऱ्याचे तुकडे मशीनवर पडले होते. तिने एक उचलून उजेडात धरला. सहा वर्षं शिवणाऱ्या बाईच्या घरात काढली होती तिने. एवढं तिलाही कळत होतं.

“आणखी एक बटण परत आलं की दुकान बंद, असं ठरलं होतं ना आई?”

“ठरलं होतं.” आत्यांनी मशीनवर झाकण घालायला घेतलं.

“पण हे परत आलेलं नाही. हे आणलंय.”

सुनेने मशीनचा खण ओढला. आतला चष्मा बघितला आणि खण तसाच परत लावून टाकला. मग तिने कात्री उचलली, स्वतःच्या बाहीचं बटण, ते चार वेढ्यांचं, दुहेरी गाठीचं, कचकन कापलं आणि आखूड पायाच्या बाकावर बसली.

“द्या, दोरा मी ओवते,” ती सुईकडे बघत म्हणाली. “तुम्हाला दिसत नाही ना.”