गालातली नाणी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर्ट्सी बेटावर सत्तरी ओलांडलेला असा एकही पुरुष सापडणार नाही, जो लहानपणी बंदराच्या चिखलात उतरला नव्हता. निदान तसं सांगत फिरत नाही असा तरी सापडणार नाही. आगगाडीच्या पुलाखाली ओहोटीला उतरून, वरून जाणाऱ्यांनी फेकलेली नाणी वेचणारी पोरं त्या काळी पंचवीस-तीसच्या वर कधीच नव्हती. ती ज्या गल्ल्यांतून यायची त्या गल्ल्यांचं नावही चांगल्या घरात कोणी काढत नसे. पण आता चिखलाला भाव आला आहे. पाहुणे गाडीतून उतरतात, जुनी लढाऊ जहाजं बघतात, उंच मनोऱ्यावर चढून समुद्राचे फोटो काढतात आणि परतीच्या वाटेवर चिखलपोरांच्या दालनात शिरतात.

दालन म्हणजे जुन्या गोदामातल्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत समोरच्या भिंतीवर तो फोटो आहे, माणसाच्या उंचीचा. काळा चिखल, मागे पुलाचे खांब. डावीकडे चिखलातून वर आलेले दोन बारीक पाय, कारण ते पोर डोक्यावर उभं आहे आणि त्याचं मुंडकं पार चिखलात रुतलं आहे. वरच्या लोकांना हा खेळ फार आवडायचा. उजवीकडे दुसरं पोर सरळ उभं, दोन्ही पाय घट्ट रोवून, केस भादरलेले, अंगभर चिखल, मान वर आणि गाल टम्म फुगलेले. खाली पाटी होती: ‘हसरा चिखलपोर – केन स्ट्राइड, वय ७’. हेच पोर दुकानातल्या कपांवर, टॉवेलांवर आणि फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवरही होतं. त्या डोक्यावर उभ्या पायांवर मात्र आजवर कोणी हक्क सांगितला नव्हता.

ते पाय एव्हिस प्रॅग्नेलचे होते, आणि ते हसरं पोर म्हणजे तिची धाकटी बहीण पर्ल.

एव्हिस त्र्याहत्तर वर्षांची होती. दर मंगळवारी आणि शनिवारी ती या दालनात बिनपगारी काम करायची: दारात उभं राहायचं, कागद वाटायचे, फोटोवरची धूळ पुसायची. फेब्रुवारीत पर्ल गेली आणि मार्चमध्ये हिने हे काम मागून घेतलं. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, मन रमेल. मन रमवायला कोण आलं होतं! पर्लचं नाव त्या पाटीवर लागावं एवढं एकच तिला हवं होतं, आणि ते मागायला तोंड उघडत नव्हतं. ते का उघडत नव्हतं, तर त्यासाठी एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यात जायला हवं.

त्या उन्हाळ्यात एव्हिस नऊ वर्षांची होती, पर्ल सहाची. बाप गोदीत, आई लोकांच्या घरची फरशी पुसायला. घराबाहेर पडताना आई रोज बजावायची, “बंदराखाली दिसलीस ना एव्हिस, तर तंगडं मोडून ठेवीन. आणि धाकटीला नेलंस तर तुझी धडगत नाही.” आई वळणाआड जायचा अवकाश, दोघी पुलाखाली हजर. उवा झाल्या म्हणून पर्लचे केस भादरले होते, अंगात मावसभावाची चड्डी. मुलगा कोण, मुलगी कोण, चिखलात कोणाला कळतंय.

वर बघून ओरडायचं, “साहेब, टाका की एक पेनी!” पेनी पडली की झडप घालायची. पण ठेवायची कुठे? खिशात चिखल भरायचा, आणि मोठे पोरगे येऊन खिसे उलटे करायचे. म्हणून सगळी पोरं नाणी गालात धरायची. ज्याचे गाल फुगलेले त्याला बोलता यायचं नाही, नुसतं वर बघून मान हलवायची. वरच्यांना वाटायचं, किती आनंदी पोरं! पर्लला ही युक्ती एव्हिसनेच शिकवली. “थुंकी गिळू नकोस, बास,” एवढं सांगितलं. शहराची सगळी घाण त्याच पाण्यात येत होती हे नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार? वासाचं म्हणाल तर वास सगळीकडेच होता.

ऑगस्टच्या शेवटी पर्लला ताप आला. चौथ्या दिवशी तिला उठता येईना. डॉक्टरने आईला विचारलं, “मुलगी बंदराच्या पाण्यात कुठे खेळली होती का?” एव्हिस दाराआड उभी होती. आईने अंगातला एप्रन सारखा केला आणि म्हणाली, “आम्ही तसल्या घरातले नाही, डॉक्टर.” नंतर स्वयंपाकघरात येऊन एव्हिसचा दंड धरला. मारलं नाही. म्हणाली, “हे या घराबाहेर जायचं नाही.” तंगडं मोडीन हे शब्द त्या बाईच्या तोंडून पुन्हा कधी कोणाला ऐकू आले नाहीत.

पोलिओने पर्लच्या दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या आल्या, मग कुबड्या, शेवटी चाकाची खुर्ची. एव्हिसला साधं पडसंही झालं नाही. पंधराव्या वर्षी ती कॉर्सेटच्या, म्हणजे बायकांच्या कंबर आवळायच्या कपड्यांच्या, कारखान्यात लागली आणि कारखाना बंद होईपर्यंत शिवत राहिली. पर्ल घरी बसून त्यांना हुक लावायची, शिट्टी वाजवत. लग्नाचं विचारणारा एकजण एव्हिसला भेटलाही होता, चांगला होता. पण तिने घरी दोघी आहोत म्हणून सांगितलं आणि विषय मिटवला. पर्लने तिला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यामुळे एव्हिसला कधी भांडताही आलं नाही. पर्ल भांडली असती तर बरं झालं असतं.

दालन उघडलं त्या वर्षी दोघी बघायला गेल्या. पर्लची खुर्ची फोटोसमोर आली आणि पर्ल ओरडलीच, “एव्हिस! अगं मी उभी आहे!”

प्रॅग्नेलांच्या घरात तेव्हा कॅमेरा नव्हता. पर्लचा पहिला फोटो शाळेतला, पट्ट्या लावलेला. स्वतःच्या पायांवर उभी असलेली पर्ल जगात फक्त या एका फोटोत होती, कोणा पाहुण्याने पुलावरून काढलेल्या. आणि तिच्या खाली केन स्ट्राइडचं नाव होतं.

केन तिथेच होता. दर शनिवारी तो चिखलाच्या गोष्टी सांगायचा; गोल चेहरा, मोठा आवाज, लोक पोट धरून हसायचे. पर्लने हात वर केला. “अहो, ती मी आहे.”

“बाईसाहेब,” केन म्हणाला, “या फोटोवर दावा सांगणाऱ्या तुम्ही चौदाव्या! पण बाई म्हणून पहिल्या, हे मानायला हवं.” खोली हसली.

पर्लही हसली, आणि मागे वळून म्हणाली, “विचारा माझ्या बहिणीला. ती होती माझ्यासोबत.”

सगळे एव्हिसकडे बघायला लागले. आत्ता हो म्हणायचं म्हणजे पुढचंही सांगायचं. कोणी नेलं, गालात नाणी धरायला कोणी शिकवलं. आणि तिच्या तोंडून तिच्या आईचं वाक्य बाहेर पडलं, जसंच्या तसं. “आम्ही तसल्या घरातले नाही.”

घरी आल्यावर पर्ल एवढंच म्हणाली, “चहा टाकतेस?” त्या फोटोचं पोस्टकार्ड तिने बाहेर पडताना घेतलं होतं. ते जवळजवळ दहा वर्षं तिच्या उशाशी होतं आणि फेब्रुवारीत तिच्यासोबत शवपेटीत गेलं.

जुलैमध्ये दालनाला दहा वर्षं होणार होती. नव्या पाट्या बनवायला टाकल्या आहेत असं ऐकलं तेव्हा एव्हिस सरळ टॅम्सिनच्या खोलीत गेली. टॅम्सिन दालनाची व्यवस्थापक, पस्तिशीची, कामाला वाघ, मनाने चांगली. एव्हिसने सगळं सांगितलं. आई, डॉक्टर, गाल, पोलिओ, आणि ते शनिवारचं वाक्यही. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा. सांगताना तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

टॅम्सिनच्या डोळ्यांत पाणी आलं. “मिसेस प्रॅग्नेल, मला तुमचं खरं वाटतं.”

“मिस,” एव्हिस म्हणाली. “आणि वाटतंय तर पाटी बदला.”

“बदलायलाच हवी. पण केनला एकदम कसं सांगू? लोक त्याच्यासाठी येतात. असं करू या का? दहा वर्षांच्या कार्यक्रमात दोन मिनिटं मी तुम्हाला देते. तुम्हीच बोला. सगळ्यांसमोर झालं की मग कोणाला नाही म्हणता येणार नाही. फक्त, पोलिओचं जरा जपून. लहान मुलं असतात हो.”

कार्यक्रमाच्या शनिवारी बंदरावर गर्दी होती. बँड होता, आइस्क्रीमची गाडी होती, गळ्यात नगराध्यक्षपदाची साखळी घातलेले पाहुणे होते. एव्हिसने पर्लचा निळा स्कार्फ बांधला होता. बोलायचं ते तिने आठवडाभर घोकलं होतं. केनने माइक हातात देताना तिच्या खांद्यावर थाप मारली. “ये गं एव्हिस! दारातल्या आमच्या एव्हिसबाई, मंडळी! आज कळलं, यापण चिखलातल्या!”

“केन,” ती म्हणाली, “तुला एकच विचारते. नाणी कुठे ठेवायचास?”

“खिशात! आणि कुठे ठेवणार, बँकेत?”

लोक खो खो हसले. त्यांचं हसू ओसरेपर्यंत एव्हिस थांबली. तिला वाटलं, आता सापडला. “खिशात चिखल भरायचा,” ती म्हणाली. “खाली उतरलेलं एकही पोर खिशात नाणी ठेवत नव्हतं. आम्ही ती तोंडात धरायचो. त्या फोटोतलं पोर हसत नाहीये. त्याच्या गालात नाणी आहेत. आणि तो केन नाही, ती—”

केनचा चेहरा क्षणभर उतरला. नुसता क्षणभरच. असल्या माणसाला गर्दी कशी वळवायची ते ठाऊक असतं. “तोंडात तर तोंडात!” तो ओरडला. “बोलण्यावर काय जातंय, मंडळी? खरी चिखलपोर असेल तर झेलून दाखवेल! हे घे, एव्हिस!” आणि त्याने खिशातून एक पौंड काढून उंच उडवला.

नाणं उन्हात चमकलं. एव्हिसला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. तिचा हात आपोआप वर गेला आणि त्याने ते हवेतच झेललं, नऊ वर्षांची असताना झेलायचा तसं.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. फोटो निघाले. साखळीवाले पाहुणे “वा! वा!” म्हणत पुढे आले, बँड सुरू झाला आणि माइक कोणाच्या तरी हातात गेला. “अहो, माझं व्हायचंय,” एव्हिस म्हणत होती. शेजारच्या बाईने तिला मिठी मारली आणि म्हणाली, “किती गोड आहात तुम्ही!” एव्हिसच्या मुठीत पौंड होता. तो फेकून द्यावा असं तिला फार वाटलं, पण सगळे बघत होते.

दोन आठवड्यांनी टॅम्सिनने तिला हाताला धरून फोटोसमोर नेलं. नवी पाटी लागली होती. डोक्यावर उभ्या पायांखाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘एव्हिस प्रॅग्नेल, वय ९’. बाजूला नवा फोटो होता, निळा स्कार्फ, वर गेलेला हात. उजवीकडे मात्र केन स्ट्राइडच होता, वय ७.

“तुमचं तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं ना,” टॅम्सिन खाली बघत म्हणाली. “त्यामुळे समितीने लगेच हो म्हटलं. दुसऱ्याचं... केन म्हणतो, पुरावा काय? सीझन संपू दे, मी पुन्हा विषय काढते. नक्की काढते.”

“मी माझं नाव मागितलं नव्हतं,” एव्हिस म्हणाली.

तिने काम सोडलं नाही. सोडलं असतं तर पर्लजवळ कोण उभं राहिलं असतं? पुढच्या मंगळवारी एक तरुण आई लेकीला घेऊन आली. मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. ती फोटोसमोर बराच वेळ मान वाकडी करून उभी राहिली.

“आई, हिच्या तोंडात काहीतरी आहे.”

एव्हिसच्या हातातलं फडकं थांबलं. ती मुलीजवळ आली आणि गुडघे दुखत होते तरी वाकली. “नाणी आहेत, सोन्या. बरोबर ओळखलंस. ही माझी बहीण. पर्ल.”

आईने पाटी वाचली. मग एव्हिसकडे बघून ती हसली, म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसं. “नाही गं राणी, मुलगा आहे तो. केन. खाली लिहिलंय बघ.”

“लिहिलंय ते चुकीचं आहे,” एव्हिस म्हणाली. “मी होते ना तिथे. वाटलं तर विचारा माझ्या—”

ती तिथेच थांबली. बाईने लेकीचा हात धरला आणि दोघी कप बघायला दुकानात गेल्या.