मामांचा गुडघा

प्राणिसंग्रहालयात सगळे त्यांना मामा म्हणत, अगदी साहेबसुद्धा. लांडग्यांची तीन पिल्लं आईविना आली, तेव्हा मामांनीच त्यांना बाटलीने दूध पाजून वाढवलं. ती मोठी झाली, तरी पिंजरा झाडायला जाताना मामा त्यांना आतल्या खोलीत कोंडत नसत. नियम होता, पण घरच्या पोरांना कुणी कोंडतं का, असं मामांचं म्हणणं. साहेब काणाडोळा करत.

शेजारच्या पिंजऱ्याचा वाघवाला त्यांना मुद्दाम डिवचायचा. "मामा, शिकार करावी ती वाघानं! एकट्यानं दबा धरायचा, एक झेप, खेळ खल्लास. तुमच्यासारखी पलटण लागत नाही."

"म्हणून तर कितीदा हात हलवत परत जातो," मामा म्हणत. "लांडग्याला घाई नसते. कळपामागं रमतगमत चालायचं, जरा पळवून बघायचं. मागं कोण पडतो, पाय ओढत कोण चालतो. तो सापडला की एकानं समोर थांबायचं, बाकीच्यांनी मागून यायचं." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची, की जणू शिकवणी त्यांनीच घेतली होती.

त्या हिवाळ्यात मामांचा गुडघा गेला. कळलं तर साहेब तिकीटखिडकीत बसवतील, पोरं दुसऱ्याच्या हाती जातील, या धास्तीने त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. पँटच्या आत पट्टी आवळायची आणि चारचौघांत ताठ चालायचं. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवा तरी," तर तिच्यावरच खेकसले. माणसांना फसवणं सोपं होतं. म्हाताऱ्याच्या पायांकडे बघायला वेळ कुणाला आहे?

लांडगे मात्र हल्ली जवळ येईनासे झाले. मामा झाडत पुढे गेले की तिघंही थोडं अंतर राखून मागे येत. मामा थांबले की थांबत.

"बघ, पाठ सोडत नाहीत," मामा वाघवाल्याला कौतुकाने म्हणाले. "माया आहे रे." वाघवाला नुसताच हसला. मामांना ते खरंच वाटत होतं, आणि मला त्यांची कीव येते ती इथेच.

एके सकाळी ओल्या फरशीवर गुडघ्याने दगा दिला. मामा हातावर पडले, झाडूच्या आधाराने कसेबसे उठले. तिघांतली मादी समोर येऊन थांबली होती. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, पायावर होती. मामांनी मान वळवली. उरलेले दोघं त्यांच्या आणि दाराच्या मधे उभे होते. शेपूट कुणाचीच हलत नव्हती.

भीतीच्याही आधी मामांना रडू फुटलं.

"वाघवाल्या, धाव रे!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. "मला चालता येत नाही! कधीचं येत नाही!"

वाघवाला हातातला पाइप टाकून धावला. मामांचा तो आवाज ऐकून तिघंही एक-एक पाऊल पुढे आले.