पहिले थेंब जमिनीचे
फरशीवर सांडलेल्या बिअरचा आंबूस वास आला की मुंबईतल्या त्या जुन्या, नावाजलेल्या पबमधली संध्याकाळ आठवते. सिद्धगडच्या पायथ्याच्या गावातले आम्ही तिघे मित्र होतो. एकाला नोकरी लागली म्हणून गेलो होतो. त्याने गावच्या रीतीप्रमाणे पिण्याआधी पूर्वजांच्या नावाने चार थेंब खाली सांडले. मॅनेजर धावत आला. "फरशी शंभर वर्षांची आहे. पुसा, नाहीतर बाहेर व्हा." मी घाईने रुमाल काढला. मित्राने माझा हात धरला. "आमची रीत त्याच्याबी आधीची हाय, सायब. आमी पुसनार नाय." मग माझ्याकडे वळला, "तू पन सांड रे, घाबरतो काय?" मी सांडले, तिसऱ्यानेही सांडले. आम्हाला बाहेर काढले. आता मी कुठेही बसलो तरी आधी थेंब सांडतो, कोणाला विचारत नाही.