साडूंच्या हातावरचे फोड

लातुरात माझ्या थोरल्या साडूंइतका शंकेखोर माणूस झाला नाही, आणि माझ्याइतका फुकटचे सल्ले वाटणाराही. ते जीवशास्त्र शिकवत, मी भौतिकशास्त्र. बारावीच्या पोरांनी शहर तेव्हा इतकं फुगलं होतं, की आमच्या गल्लीत घरांपेक्षा क्लासच्या पाट्याच जास्त. साडू नळाचं पाणी उजेडात धरून बघत, भाजीवाल्याला भेंडीचं कूळ समजावून सांगत, आणि भूकंपापासून घराला आतून कडीच लावत नसत. "पळायच्या वक्ताला कडी शोधत बसू का, साडूभाऊ?" किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात भिंतीखालून त्यांना ओढून काढलं होतं. दवाखान्यात रक्त चढवलं, म्हणून वाचले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात त्यांच्या तळहातांच्या मागच्या बाजूला फोड येऊ लागले. जरा खरचटलं की कातडीच निघायची. मी तत्काळ निदान केलं: उष्णता! सब्जा, गुलकंद, डोक्याला कांदा. साडूंनी सगळं इमानानं केलं; फोड वाढले. मग मी खडूची ॲलर्जी शोधून काढली. ते हातमोजे घालून शिकवू लागले, पोरं त्यांना 'कीपर सर' म्हणू लागली. पण एका पालकानं "सरांना लागणीचा रोग हाय" अशी आवई उठवली, आणि क्लासच्या मालकानं त्यांना 'थोडा आराम' करायला सांगितलं. शिकवल्याशिवाय साडूंना जेवण जात नसे. ते घरात नुसते बसून राहिले.

शेवटी नांदेडला एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी उष्णतेवर बोलू लागताच बाईंनी हातानंच मला थांबवलं. "लघवी लालसर काळी होते का? कधी रक्त चढवलं होतं?" साडू दोन्हीला "हाव" म्हणाले. तपासणीत हेपॅटायटिस सी निघाला; भूकंपानंतर चढवलेल्या रक्तातूनच हा यकृताचा विषाणू आला असणार. रक्ताचा लाल रंग बनताना पॉर्फिरिन नावाची द्रव्यं तयार होतात. विषाणूनं यकृत बिघडलं, की काहीजणांच्यात ती कातडीत साचतात आणि ऊन लागलं की फोड उठतात.

"म्हणजे दुखणं पोटात अन् बोंब हातावर," साडू म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सब्जा बंद करू का आता?"

लोहानं हा दोष वाढतो, म्हणून अंगातलं जादा लोह उतरवायला अधूनमधून रक्त काढायचं ठरलं. पहिल्या वेळी धीर द्यायला मी गेलो. बाटलीत धार लागलेली दिसली, एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तर साडू वर्तमानपत्रानं मला वारा घालत होते. "रक्त माझं काढायलेत, अन् पडले तुम्ही!"

फोड गेले. यकृतातला विषाणू मारायची इंजेक्शनं मात्र कित्येक महिने चालली. त्यांनी येणाऱ्या तापानं साडू पार वाळले, पण विषाणू गेला. क्लासमधूनही बोलावणं आलं. शेवटचा रिपोर्ट घेऊन बसनं लातूरला परतताना मी त्या रक्त देणाऱ्याला चार शिव्या हासडल्या.

साडू म्हणाले, "असं बोलू नका. आपलं कामधाम टाकून आला असंल तो. त्याला काय ठाव, त्याच्यात काय हाय ते?" मग रिपोर्टची घडी घालत म्हणाले, "त्याला कुणी सांगितलं असंल का हो, तपासून घे म्हणून?"

अहमदपूरला बस थांबली. माणसं उतरली, नवी चढली. चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे साडू निरखून बघत होते.