बेटात हाये, साहेब

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आजही डोकं तापतं.

विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी बदली रत्नागिरीकडून वर्धा जिल्ह्यात झाली. सिंदीच्या अलीकडचं एक गाव. कापसाच्या गाड्या, जिनिंगची धूळ आणि ठाण्यात रोज एखादी बैलचोरीची तक्रार. समुद्राशी संबंध संपला, असं मी धरून चाललो होतो. पण तिथल्या पोरांच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं होतं. "आता समुद्रबी आपल्या राज्यात आला, पाहून येऊ," असं जो तो म्हणायचा.

असेच दोन जिवलग मित्र कोकणात एक बेट पाहायला गेले. खडकाळ बेट, वर जुना किल्ला. माझ्या गावासमोरचंच ते. लहानपणी तिथल्या खडकांत मी खेकडे धरलेले. गेले दोघे आणि परतला एकच.

न परतलेल्या मुलाची आई ठाण्यात आली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. "साहेब, दोघं संगं गेलते. हा एकटाच कसा आला? यानंच माह्या पोराले काई केलं," ती म्हणाली आणि फाटकाशी बसली ती उठेचना.

परतलेल्या मित्राला बोलावलं. तो म्हणाला, "गर्दीत चुकामूक झाली, साहेब." हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. त्या बेटावर उतरायला जागा एक, वर जायला पायऱ्यांची वाट एक, आणि गर्दी फक्त पाखरांची. पोरगा खोटं बोलत होता. संशयित म्हणून त्याला अटक केली आणि मॅजिस्ट्रेटकडून कोठडी घेतली.

त्याच आठवड्यात खबर आली. आमच्या हवालदाराला बाजारात एका गाडीवानानं सांगितलं की डोंगराकडच्या गावातली एक बाई म्हणत होती, "तो पोरगा बेटात हाये." हवालदार धावत आला. मलाही वाटलं, बेटाची गोष्ट इतक्या लांब पोचली म्हणजे याच्याच तोंडून फुटली असणार. प्रेत बेटावरच कुठंतरी आहे, आणि याला ते ठाऊक आहे. खून सिद्ध झाला असता तर पोरगा फासावर गेला असता, म्हणून मी नेटानं चौकशीला बसलो.

ती चौकशी म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा होती. मी विचारावं, "तो शेवटचा कुठं दिसला?" तर हा सांगणार, "साहेब, तिथं एक कपार हाये. भरतीचं पानी आत घुसलं का बंदुकीसारखा बार होते."

"मी ते विचारलं नाही."

"आन किल्ल्यावर गोड्या पान्याचं टाकं हाये. सभोवार खारट आन मधात गोड! देवाची करनी."

मी टेबलावर हात आपटला. तो घाबरला, आणि ओहोटीला उघडी पडणारी वाळू, शिंपले, पाण्यातून उसळणारे मोठाले मासे, सगळं सांगून मोकळा झाला. मित्राचं नाव काढलं की मात्र तोंड शिवल्यासारखं बंद. मी तपासाला बसलो होतो, सहलीला नव्हे. धाक दाखवला, गोडीनं विचारलं, आईची शपथ घातली. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी कोकणातल्या ठाण्याला तार केली की बेट पिंजून काढा. तिथल्या पोलिसांनी कोळ्यांना घेऊन खडक न् खडक तपासला आणि उलट तार आली की काही नाही. त्यावर मी पुन्हा तार केली, खात्रीची खबर आहे, पुन्हा पाहा. दुसऱ्या उत्तराची भाषा इथे लिहिण्यासारखी नाही. इकडे वरिष्ठ विचारत होते, प्रेत कुठे? फाटकाशी ती आई, आत हा मुका प्रवासवर्णनकार. रात्री जेवण गोड लागेना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक बाई तणतणत ठाण्यात शिरली. "तुमाले सांगून आठोडा झाला! तो पोरगा आमचा हरबरा खाऊन राह्यला. शेत उजाड केलं. पोलीस हायेत का झोपले?"

"कोण पोरगा?"

"आमच्या गावचा भाचा. इकडचाच हाये. बेटात लपून बसला, सांगतलं नाई का?"

हवालदारानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मी जपून विचारलं, "बाई, कोणत्या बेटात?"

"कोन्त्या म्हंजे? नाल्यावरच्या! बांबूच्या!" तिनं कपाळावर हात मारला. "वर्ध्यात समुद्र हाये का, साहेब?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बांबूच्या बेटाला आमच्याकडेही बेटच म्हणतात. पण डोक्यात समुद्र शिरला की सरळ शब्दही ओला होतो. हवालदार तर जन्मानं तिथलाच, त्याच्याही ध्यानात आलं नाही. मी त्याच्यावर ओरडलो, त्यानं शिपायावर तोंडसुख घेतलं, आणि आम्ही बाईला गाडीत बसवून निघालो.

नाल्याकाठी बांबूचं दाट बेट होतं. हाक मारताच आतून पोरगा रांगत बाहेर आला. अंगभर ओरखडे, दाढी वाढलेली, ओठांवर हरभऱ्याच्या पाल्याची आंबट आंब. त्यानं थेट माझे पाय धरले. "म्याच मारलं त्याले, साहेब. एका शंखावरून भांडन झालं. म्या ढकललं, लाटेनं नेलं त्याले. मले फाशी द्या."

मी त्याला उभं केलं. ज्याच्या खुनासाठी एकाला कोठडीत टाकलं होतं, तो स्वतःच खुनाची कबुली देत होता, आणि तीही त्याच कोठडीतल्या माणसाच्या खुनाची! मी सांगितलं, "अरे, तो जिवंत आहे." त्याला ते पटेना. पोलीस फसवून राहिलेत, असं म्हणून तो वाटभर रडत होता.

ठाण्यात आणलं, गजांसमोर उभं केलं. आतल्या मित्रानं त्याला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अबे, काऊन आला? म्या कोनाले काईच नाई सांगतलं ना!"

परगावच्या एका होडीतल्या कोळ्यांनी त्याला पाण्यातून ओढून काढलं होतं. शुद्धीवर येऊन शोधलं तर मित्र पळालेला. ढकलल्याचं सांगितलं तर तो पकडला जाईल, म्हणून स्वतः खुनी ठरायची वेळ आली तरी हा पठ्ठ्या कपार आणि टाकंच सांगत राहिला होता. फाटकावरची आई आत आली. तिनं आधी स्वतःच्या पोराच्या थोबाडीत दिली, आणि मग गजांतून हात घालून दुसऱ्याच्या डोक्यावरून फिरवत राहिली.

आता जबाब घ्यायचा होता. मी दरडावलं, "यानं तुला ढकललं, हे खरं?"

"नाई साहेब. माहा पाय घसरला."

दुसरा ओरडला, "नाई! म्या ढकललं!"

"तू चूप बस बे. साहेबाले लिहू दे."

मी खूप चिडलो. गुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात मारणारे मी नोकरीत शेकड्यांनी पाहिले, त्यांना बोलतं कसं करायचं हे मला येत होतं. पण गप्प बसणारा माणूस स्वतःलाच वाचवत असतो, हा माझा हिशेब त्या दिवशी चुकला. त्यानंतर कोणी गप्प बसला की मी आधी विचार करायचो, हा कोणाला वाचवतोय? अशा माणसांपुढे आमचा धाक चालत नाही, आणि चालू नये.

मी पुन्हा एकदा विचारलं. तो माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "लिहा साहेब. पाय घसरला."

मी लिहिलं.