ब्रूनोचं खाणं

पेणजवळच्या गडब गावामागे, डोंगराच्या पायथ्याशी नमिता मॅडमचा बंगला. वाडीवरचा मोतीराम तिथला राखणदार. झाडांना पाणी घालायचं, फाटक उघडायचं आणि ब्रूनोला सांभाळायचं, हे त्याचं काम. ब्रूनो लॅब्रेडॉर कुत्रा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये मावेना म्हणून मॅडमनी त्याला इथे आणून ठेवला होता. सुरुवातीला त्या दर शनिवारी यायच्या, निघताना त्याच्या गळ्यात पडून रडायच्या. येताना त्याच्या कोरड्या खाण्याची जड पिशवी आणायच्या आणि बजावायच्या, "मोतीराम, याला भातबीत घालायचा नाही हं."

मग शनिवार चुकायला लागले. पिशवी आता वडखळच्या दुकानातून टेम्पोवाल्याबरोबर यायची. पावसाळ्यानंतर आली ती निराळीच निघाली. वर कोंबडीचं चित्र होतं, पण आतल्या गोळ्या लालपिवळ्या आणि वास खवट. ब्रूनो वाटीत तोंड घालून मागे सरायचा. भुकेपोटी खाल्लंच तर ओकायचा. खाजवून खाजवून त्याच्या पाठीवरचे केस गेले.

मोतीरामची मुलगी शिल्पा पेणला औषधांच्या दुकानात कामाला होती. सुट्टीला घरी आली तेव्हा त्यानं जुनी आणि नवी, दोन्ही पिशव्या तिच्यापुढे ठेवल्या.

"बाबा, जे जास्ती असतंय ते आधी लिवतात," ती वाचत म्हणाली. "जुन्यावर आधी कोंबडी हाय, मग तांदूळ. ह्या नव्यावर आधी मका, मग गव्हाचा कोंडा, मग सोयाबीन. मांस कसलं ते लिवलंच नाय. आन् हे रंग."

"कुत्र्याला रंग कशाला गो?" तिची आई येसूनं विचारलं.

"कुत्र्याला नाय. घेणाऱ्याला."

नव्या पिशवीवर छापलेल्या तारखेवर दुसरीच चिठ्ठी चिकटवलेली होती.

मोतीरामनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, त्याला ही गोळी मानवत नाय. पयली होती तीच पाठवा."

"अरे, कंपनीचंच आहे तेही. भूक लागली की खाईल."

शेवटी तो ब्रूनोला टेम्पोत घालून पेणच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मूठभर गोळ्या हुंगल्या, ब्रूनोचे पिवळे पडलेले डोळे पाहिले. "यातलं तेल खराब झालंय. मक्याला बुरशी असली तर ती लिव्हरवर जाते. यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण हे आजच बंद कर."

त्या दिवसापासून येसू स्वतःच्या चुलीवर त्याच्यासाठी मऊ भात आणि कोंबडीच्या माना शिजवायला लागली. पोर आजारी असावं तसं मोतीराम त्याला हातानं भरवायचा. चार घास जायचे. ब्रूनो अंगणात थोडा फिरायलाही लागला. पण डोळ्यांतला पिवळेपणा काही उतरला नाही.

अशात मॅडम आल्या, बंगल्याचं गिऱ्हाईक घेऊन. त्यांचा आवाज ऐकून ब्रूनो धडपडत उठला आणि शेपटी हलवत त्यांच्या पायाशी जाऊन पडला.

मॅडम दचकल्या. "किती वाळलाय हा! मोतीराम, तू याला खायला घालत नव्हतास का?"

मोतीरामआधी येसूच पुढे झाली. "घालत व्हते मॅडम. तुमीच धाडलेलं घालत व्हते."

गिऱ्हाईक वरची गच्ची बघायला निघालं होतं, मॅडम त्याच्यामागून जिना चढून गेल्या.

त्याच आठवड्यात ब्रूनो गेला. मोतीरामनं त्याला बांधाकडेला पुरला आणि फोन करून कळवलं. "सुटला बिचारा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी चाव्या कुणाकडे द्यायच्या ते सांगितलं.

नव्या मालकानं स्वतःचा राखणदार आणला. मोतीराम आता दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जातो. मध्यंतरी येसूनं वाडीवरचं एक पिल्लू घरात आणलं होतं. ते त्याच्या पायाशी घुटमळायला लागलं, तेव्हा त्यानं ते उचललं आणि पिल्लाच्या आईजवळ नेऊन सोडलं.