उसवलेले टायर

ज्या ज्या वस्तूला स्क्रू आहे ती वस्तू आपण उघडावी म्हणूनच बनवलेली आहे, अशी माझ्या धाकट्या आत्याची ठाम समजूत आहे. वर्तकनगरच्या तिच्या दोन खोल्यांत आजवर एकही दुरुस्तीवाला कामासाठी शिरलेला नाही. मिक्सर, इस्त्री, गिझर, सोसायटीच्या टाकीचा बिघडलेला बॉल, वॉचमनची छत्री, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं आहे. समोरच्या काकूंची टोचणारी कवळीसुद्धा तिने एकदा कानशीने घासून दिली होती, आणि काकू त्याच संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून सगळ्यांना दिसेल असं कणीस खात होत्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिवण शिकवल्यामुळे तिला अवघं जग कापडाचं दिसतं. पंख्याचं पातं तिरकं बेतलेलं असतं, कॉलनीतला रस्ता मापात कापलेला नसतो, आणि सोसायटीचे नवे चेअरमन म्हणजे ‘कापड बरं आहे, अस्तर हलकं’. शाळेतल्या मुली तिला फार घाबरत, कारण पूर्ण झालेला फ्रॉक ती शांतपणे हातात घेई, उलटा करी आणि म्हणे, “छान झालाय. आता उसव.”

या उसवण्याचा सगळ्यात मोठा बळी तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा. त्याच्या लग्नाचा कोट तिनेच शिवला होता. लग्नाच्या सकाळी खांद्यापाशी तिला एक चुणी दिसली. ती चुणी आम्हा कुणालाच दिसत नव्हती, पण आत्याने बाही उसवली. तेवढ्यात मुहूर्त जवळ आला आणि दादा कच्च्या टाक्यांवर बोहल्यावर चढला. गुरुजींनी हात पुढे करा म्हटलं की तो कोपर अंगाला चिकटवून फक्त बोटं पुढे करायचा. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत नवरदेवाने काखेत थर्मामीटर धरल्यासारखं दिसतं. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे स्कूटरचं प्रकरण झालं तेव्हा दादाच्या मनात ती बाही होती, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आत्याकडे एक करडी स्कूटर आहे. दर गुरुवारी ती या स्कूटरवरून कल्याण ओलांडून आंबिवलीला जाते, तिच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याकडे. लोकलने का जात नाहीस, असं विचारलं तर म्हणते, “परतीची गाडी ठरलेली असते रे. भांडण अर्धं राहतं.” गेल्या वर्षी थोरल्या आत्याचे यजमान गेले. तेव्हापासून तिने घराच्या गेटबाहेर पाऊल टाकलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणते, पण ती गॅलरीत स्टुलावर चढून जळमटं काढते हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याशी दर आठवड्याला कडकडून भांडणारं माणूस एकच उरलं होतं आणि ते स्कूटरवरून येत होतं.

पुढे स्कूटरचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. डोंबिवलीहून दादा आला, त्याने टायरवरून हात फिरवला आणि आता ही गाडी विकायची म्हणून जाहीर केलं. त्याच्या ऑफिसातलं एक गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं. आत्या म्हणाली, मी घरी नवे टायर बसवते. दादा कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही त्याने चढवला नाही, नुसतं म्हणाला, “आई, तुझं काम कच्च्या टाक्यांवरचं असतं. बाही निघाली तर चालून जातं. कल्याणच्या पुलावर चाक निघालं तर काय करायचं?” आत्याने त्याचा हात टायरवरून बाजूला केला. मग म्हणाली, “मी बसवते. रविवारी संध्याकाळी तू स्वतः चालवून बघ. एवढीशी जरी खोट निघाली तर किल्ली तुझी. मी परत विषय काढणार नाही.” दादाने हो म्हटलं. आंबिवलीचे गुरुवार आता त्या दोन टायरांवर अवलंबून होते, आणि मला रविवारी सकाळी मदतीला बोलावण्यात आलं.

मी पोहोचलो तेव्हा पार्किंगमध्ये सतरंजी अंथरलेली होती आणि पाटावर दोन नवे टायर मांडलेले होते. कोणतंही काम आत्या पूजेशिवाय सुरू करत नाही. नव्या टाचण्यांच्या डबीलाही ती आधी हळदकुंकू वाहते. इथे तर चाकांचा मामला होता. तिने तुपात कुंकू चांगलं घट्ट कालवलं आणि प्रत्येक टायरवर दोन्ही अंगांना एकेक ठसठशीत स्वस्तिक काढलं. सगळ्या टायरभर बारीक अक्षरं आणि आकडे, फक्त एकाच जागी छोटीशी चौकट होती, आणि स्वस्तिक तिने नेमकं तिथेच काढलं होतं. “बघ, कंपनीने पूजेसाठी जागा सोडलीय,” ती कौतुकाने म्हणाली. मग नारळ फोडला आणि कामाला सुरुवात झाली.

जुना टायर रिमला असा चिकटलेला होता की विचारू नका. आत्याने त्यावर लाकडी पोळपाट ठेवला आणि मला पोळपाटावर उभं केलं. कड खाडकन सुटली तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या आईला सांगते, मुलाचं जेवण वाया जात नाहीये.” टायर उचकटायच्या चपट्या लोखंडी पट्ट्यांना तिने जुन्या जीन्सच्या खोळी शिवल्या होत्या, रिमला ओरखडा पडू नये म्हणून. नव्या टायरला साबणाचं पाणी लावून तिने तो असा आत घातला की उशीला अभ्रा घालावा. आता त्यात हवा भरायची, तर टायर सैल, हवा धरेना. मग तिने त्याच्या कमरेभोवती कपडे वाळत घालायची दोरी बांधली, दोरीत लाटणं अडकवून ते पिळत पिळत नेलं आणि मला म्हणाली, “मार पंप.” मी पायपंप मारत राहिलो. टायर फुगला आणि ठो करून जागेवर बसला. चेअरमन खिडकीतून डोकावून विचारू लागले की फटाके कोण वाजवतंय. दुपारपर्यंत दोन्ही चाकं गाडीला लागली होती आणि आत्या पदराने कपाळ पुसत होती.

मी आपला पसारा आवरायला घेतला. जुने टायर भिंतीला टेकवताना माझं लक्ष गेलं, त्यांच्यावर अगदी तशीच छोटी चौकट होती आणि चौकटीत काळ्यावर काळा, सहज न दिसणारा एक बाण होता. चाक कुठल्या दिशेने फिरलं पाहिजे ते दाखवणारा बाण. मी नव्या टायरपाशी वाकलो आणि स्वस्तिकाच्या कडेने हळूच नखाने तूप खरवडलं. बाण होता, पण तो मागे बघत होता. दुसऱ्या चाकाचंही तेच. दोन्ही टायर उलटे बसले होते. खरं सांगतो, गप्प बसावं असं मला फार वाटलं. चाकं छान फिरत होती आणि दादाला कुंकवाखालचं काही दिसलं नसतं. पण ती गाडी ओल्या रस्त्याने कल्याणला जाणार होती आणि चालवणारी माझी आत्या होती. मी तिला हाक मारली आणि बाण दाखवला.

तिने चष्मा पुसला, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. त्या वेळी मला ती पहिल्यांदाच म्हातारी वाटली. मग तिने आतून शिवणाचा निळा खडू आणला, योग्य दिशा कुठली ते बघून घेतलं, दोन्ही टायरांवर दोन मोठे बाण काढले आणि म्हणाली, “बसलायस काय? साबण कालव. उसवायचंय.”

संध्याकाळी दादा आला तेव्हा आमचे दोघांचेही हात काळे झालेले होते आणि चाकं पुन्हा जागेवर होती. त्याने हेल्मेट घातलं, उपवन तळ्यापर्यंत चक्कर मारून आला, कचकन ब्रेक मारून बघितला, खाली बसून नटबोल्ट तपासले. खोट सापडेना. तेवढ्यात आत्या म्हणाली, “दुपारी दोन्ही उलटे बसवले होते. बाणावर कुंकू लागलं माझ्याकडून. मग उसवून परत बसवले.” मी कपाळावर हात मारून घेतला. दादाने बसल्या जागेवरून मान वर केली.

“मला का सांगितलंस? मला कळलंही नसतं.”

“तुला कळलं नसतं म्हणूनच सांगितलं.”

दादा उठला. त्याने निळ्या बाणावरून बोट फिरवलं आणि नकळत कोपर अंगाशी घेतलं. मग किल्ली तिच्या हातात ठेवून म्हणाला, “पावसात जायचं नाही. आणि पहिल्या खेपेला हा मागे बसेल.” हा म्हणजे मी. ऑफिसातल्या गिऱ्हाइकाला त्याने तिथूनच फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

गुरुवारी आम्ही आंबिवलीला गेलो. वळणावर आत्याने तिचा लांबलचक हॉर्न दिला आणि बघतो तर थोरली आत्या गेटशी उभी. दादाने फोनवर तिला सगळं सांगितलं असणार. तिने नमस्कार चमत्कार काही केला नाही, सरळ चाकाशी वाकली.

“उलटे बसवलेस म्हणे.”

“बसवले. मग सुलटे केले.”

“लहानपणापासून तुझं हेच,” असं म्हणत थोरली आत्या सरळ झाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझं हेल्मेट दे रे जरा. हिच्या मागे बसून स्टेशनपर्यंत जाऊन येते. बघू तरी हिने काय बसवलंय ते.” मी हेल्मेट दिलं. पट्टा तिला लागेना, तो धाकटीने लावला. हनुवटीखाली चिमटा बसला म्हणून थोरली ओरडली, धाकटी उलट ओरडली, आणि थोरलीने वर्षभर न ओलांडलेल्या त्या गेटमधून दोघी भांडत भांडत बाहेर पडल्या. मी गेटशी उभा राहून बघत होतो. मागच्या टायरवर निळ्या खडूची पुसट खूण अजून शिल्लक होती आणि चाकाबरोबर ती गोल गोल फिरत होती. कोपऱ्यावर गाडी दिसेनाशी झाली, तरी दोघींचे आवाज येत होते. मला फार बरं वाटलं. स्टेशनपर्यंतच जाऊन येणार होत्या, पण त्या लवकर आल्याच नाहीत, आणि त्या लवकर येऊ नयेत म्हणून मी पायरीवर आरामात बसून राहिलो.